जबड्यातला खड्डा

"भरतोय का गं माझा खड्डा?" दवाखान्याचं दार ढकलताच आबा विचारायचे आणि अंगठा खालच्या जबड्यावर डाव्या बाजूला टेकवायचे. शिरूरच्या एका दातांच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढते. डॉक्टर समोर उभे असले तरी आबांचा भरवसा माझ्यावर, कारण फोटो मी काढायचे.

आबा कवठे येमाईचे धनगर. जबड्यात पाण्याची गाठ वाढून तिने हाड आतून पोखरलं होतं. डॉक्टरांनी गाठ काढली.

"आन् त्या जागी काय भरलं?"

"काही नाही आबा," डॉक्टर म्हणाले. "हाड आपोआप भरून येईल. पण वर्षभर कडक चावायचं नाही, नाहीतर जबडा मोडेल."

घराभोवती ऊस आणि आबांना ऊस बंद! चेहरा एवढासा झाला.

पंधरा दिवसांनी सून घाबरीघुबरी त्यांना घेऊन आली. "ताई, आबा बोलंनात. वाचा गेली का काय?" मागे आबा. मुंडाशाच्या कापडाने हनुवटी डोक्याला करकचून बांधलेली. मी गाठ सोडली तेव्हा कळलं. या माणसाने जन्मभर मेंढरांचे मोडके पाय कामट्या बांधून सांधलेले. "हाड हाललं तर धरत न्हाई," आबा म्हणाले, "म्हून तोंडच बांधलं." ग्रामसभेतही ते असेच गप्प बसले होते, आणि आबा रुसले असं समजून सरपंच दोनदा घरी येऊन गेले, असं सुनेने सांगितलं! डॉक्टर पोट धरून हसले. मला मात्र गलबलून आलं. बरं व्हायची इतकी जिद्द मी तरी पाहिली नव्हती.

"बोला हो बिनधास्त," डॉक्टर म्हणाले. मग काय, पंधरा दिवसांची कसर आबांनी तिथेच भरून काढली.

सहा महिन्यांनी फोटोतल्या काळ्या डागाच्या कडा पांढुरक्या झाल्या. "व्हय, बारव बी कडंनंच बुजत येती," आबांनी निकाल दिला. भाकरी मात्र ते दुधात कुस्करूनच खात राहिले.

वर्ष भरलं. फोटो उजेडात धरला, तर डाग शोधावा लागत होता. "भरला, आबा!" मी ओरडलेच. डॉक्टरांनी मान हलवताच आबांनी पिशवीतून उसाचं कांडं काढलं आणि डाव्या दाढेनेच कडाकड सोललं. बाकावरचे पेशंट, ज्यांना स्वतःचे दात दुखत होते, तेही टाळ्या वाजवू लागले.

त्यानंतर आबा आलेच नाहीत. कशाला येतील? चुकल्यासारखं वाटतं, एवढंच. परवा त्यांची सून उसाची मोळी ठेवून गेली. मोळी सोडली, तर एक ऊस वरून हातभर सोललेला, आणि त्यावर दातांच्या ताज्या खुणा.