अक्काच्या हातचं पातं

ये, इकडं उजेडात ये बघू. हनुवटी वर कर. अरे देवा! दाढी केलीस की बाभळीतून सरपटत आलास? आणि हे एवढं सामान! फेसाचा डबा वेगळा, नंतर चोपडायचं वासाचं पाणी वेगळं, पाच पात्यांचा तो रेझर. सावेडीतल्या त्या दुकानदाराला तुझ्यासारखी चार गिऱ्हाइकं मिळाली की त्याचा बंगला उभा राहिलाच म्हणून समज. एवढा शिकलास आणि गाल भिजवायला तुला दोन मिनिटं मिळत नाहीत? बस इथं. दाढी कशी करायची ते मी सांगते. हसू नकोस. मला ते एका बाईनं दाखवलंय, आणि तिचा हात असा होता की मडक्याची दाढी केली तरी मडक्याला कळायचं नाही.

ती माझी थोरली जाऊ, तुझ्या आजोबांच्या मोठ्या भावाची बायको. मी तिला अक्का म्हणायची. पाथर्डीकडच्या त्या घरात मी नवी सून होऊन आले तेव्हा सासूबाई मला काम सांगायच्या आणि ते कसं करायचं हे अक्का सांगायची. बोलायची थोडं, पण बोलली की टोचायचं. माझे मोठे दीर, सगळे त्यांना दादा म्हणत, ओट्यावर बसून मिशीला पीळ देत असले की ही आतून म्हणायची, "यंदा मिशीला कनसं लागायची हायती व्हय?" दादा मोठ्यानं हसायचे. बायकोचं टोचणं ऐकून हसणारा पुरुष त्या गावात मी दुसरा पाहिला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरीतला गाळ काढताना दादा पडले. मानेला मार बसला. हातपाय गेले, बोलणं तेवढं राहिलं. पुढच्याच महिन्यात गावचा न्हावी भिवा बायकापोरांना घेऊन पुण्याकडं निघाला. कुणाच्याच घरात दाणा नव्हता, मग त्याला सालाचं धान्य कोण घालणार? जायच्या आदल्या दिवशी तो दादांची दाढी करून गेला. अक्कानं विचारलं, "भिवाभाऊ, आता ह्यांचं कसं?" भिवानं तुझ्या आजोबांकडं पाहिलं. आजोबा म्हणाले, "हे काय आपलं काम हाय व्हय?" आणि बाहेर गेले. दुसऱ्याची हनुवटी धरायची म्हणजे त्यांना कमीपणा वाटला, स्वतःच्या भावाची असली तरी. मग अक्का म्हणाली, "मला दावा."

भिवानं तिला वस्तरा दिला नाही. म्हणाला, "वैनी, वस्तऱ्याला सात वर्षं लागत्यात. तुमी बाजारातनं सेफ्टी आना. आन् हात शिकवू नका, कान शिकवा." त्यानं एक मडकं घेतलं, त्याच्या पोटाला साबण फासला आणि तो पात्यानं असा काढला की आवाज नाही. "मडकं वाजलं म्हंजी गाल कापला." अक्कानं पाथर्डीच्या बाजारात जुन्या सामानवाल्याला हातची गोधडी दिली आणि त्याच्याकडून एक सेफ्टी रेझर, अर्धा टकला झालेला ब्रश आणि तुरटीचा खडा आणला. आठ दिवस ती मडक्याची दाढी करत होती. शेजारणी डोकावून विचारायच्या, "अगं, मडक्याला मिशी ठिवनार का न्हाई?" ती म्हणायची, "तुमच्या मालकावानी ठिवते, वरनं जाड, आत रिकामी."

पहिल्यांदा दादांच्या गालाला पातं लावलं तेव्हा दादा म्हणाले, "जपून गं, गळा कापशील." ती म्हणाली, "कापायचाच असता तर हातपाय चालत हुते तवाच कापला असता." दोघंही हसली. मी मात्र भिंतीला चिकटून उभी होते. आणि सासूबाई दारातून म्हणाल्या, "बायकोनं नवऱ्याच्या गळ्याला पातं लावायचं? आयुष्य कापलं जातं त्येचं. काय झालं तर तुझ्या माथी." हे वाक्य ध्यानात ठेव.

आता कसं करायची ते ऐक. पाणी दोन कोसांवरून डोक्यावर यायचं, म्हणून अख्खी दाढी एका वाटीत. भाकरी भाजताना वाटी चुलीच्या कडेला असायची. त्यात फडकं बुडवून, पिळून दादांच्या गालांवर ठेवायची आणि दुसरी भाकरी होईपर्यंत काढायची नाही. मी घाई केली की म्हणायची, "केसाला भिजू दे, तो काय पळून चाललाय?" मग बोट फिरवून बघायची केस कुणीकडं वाढलेत, आणि पातं तिकडंच न्यायची. "गालाला आधी इचारायचं, मग लावायचं." दाबायची अजिबात नाही, रेझरच्या वजनानं जाईल तेवढंच. शेवटी तुरटी फिरवायची. एकच पातं काचेच्या ग्लासात आतून घासून महिना-दीड महिना चालवायची, पुसून तेलाच्या चिंधीत गुंडाळून ठेवायची. गंज धरलेलं जुनं पातं वेगळं, खिडकीत, गोधडी उसवायला. तुझ्या त्या डब्यांमध्ये यातलं काय आहे, सांग बरं?

हे उरकून ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. दिवस मावळेपर्यंत हातांना फोड. दर तिसऱ्या दिवशी सकाळी तेच हात दादांच्या गालावर, आणि कधी एक ओरखडा नाही.

मग माझ्या नणंदेला बघायला पाहुणे यायचे ठरले. दादांच्या दाढीचा दिवस होता. सासूबाई म्हणाल्या, "आज तू हात लावू नको. घरात बाई दाढी करती हे त्यांच्या कानावर गेलं तर पोरगी घरातच ऱ्हाईल. धाकला करंल." अक्का कामावर गेली. पाहुणे वेशीत आले तेव्हा आजोबांना दाढी आठवली. ना पाणी, ना फडकं. खिडकीतलं पातं उचललं. ते गोधडीचं आहे हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "अहो, ते न्हवं," तर सासूबाई म्हणाल्या, "तू चहाचं बघ." आणि मी चहाचं बघायला गेले.

हनुवटीखाली चांगलंच कापलं. सासूबाईंनी चुलीतली राख दाबली, वरून उपरणं गुंडाळलं. पाहुण्यांना सांगितलं, सर्दी झालीय. लग्न जमलं. संध्याकाळी अक्कानं उपरणं सोडलं. दादा तिला म्हणाले, "धाकल्याला बोलू नको. घाईत हुता." मी तिथंच होते, माझ्या कानांनी ऐकलं. तिनं राख धुऊन काढली, पण उशीर झाला होता. आठ-दहा दिवसांत दादांची दातखीळ बसली. नगरच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, धनुर्वात. तिसऱ्या दिवशी दादा गेले.

दहाव्याला सगळी भावकी जमली होती. कुणीतरी हळूच विचारलं, पातं कुणाचं लागलं? सासूबाई म्हणाल्या, "कुनाचं म्हंजी? त्याची दाढी करत कोन हुतं?" सगळ्या माना अक्काकडं वळल्या. आजोबा खाली जमिनीकडं बघत होते. अक्कानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. खरं सांगायला तिला दोन शब्द पुरले असते. ती का बोलली नाही ते मला अजून कळलेलं नाही. दादांनी सांगितलं होतं म्हणून असेल, नणंदेचं लग्न मोडेल म्हणून असेल. मी का बोलले नाही ते मात्र मला पक्कं ठाऊक आहे. मला त्याच घरात राहायचं होतं.

महिन्याभरात तिला माहेरी पाठवलं. तिचं म्हणून काही दिलं नाही, आणि तिनं मागितलं नाही. मी फाट्यापर्यंत तिच्यामागं गेले. तुझा बाप तेव्हा माझ्या पोटात होता. म्हणाले, "अक्का, मी बोलायला पाहिजे हुतं." तिनं गाठोडं डोक्यावर नीट केलं. "आता सुचलं व्हय? यष्टी आली की." वळून बघितलं नाही. पुढं भावाच्या घरात दुसऱ्यांची धुणीभांडी करत तिनं दिवस काढले. ती गेल्याचं आम्हाला कळलं तेव्हा तिचं वर्षश्राद्धसुद्धा होऊन गेलं होतं.

आजोबा चांगले होते रे, तुला खांद्यावर घेऊन गावभर फिरवायचे. ते खोटं नाही. पण हेही खोटं नाही. गावात अजून ही गोष्ट सांगतात आणि त्यात नवऱ्याचा गळा कापणारी बाई म्हणून अक्काच असते. तुझ्या बापालाही तेवढंच ठाऊक आहे. लहानपणी त्यानं मला विचारलं होतं तेव्हाही मी गप्प बसले. आजोबा असेपर्यंत जीभ उचलली नाही, आणि ते गेल्यावर म्हटलं, आता कशाला.

तुझा चेहरा उतरला. राग आला असेल, आजोबांचा आला असेल, माझाही आला असेल. येऊ दे. पण तू परत लवकर ये, आणि येताना बापाला घेऊन ये. त्याला हे मीच सांगायला पाहिजे, आणि एकटीनं माझ्याच्यानं होणार नाही. तू शेजारी बस. मी मधेच चहाचं बघायला उठले तर हात धरून खाली बसव.