डाव्या पंखाचे टाके कोणी घातले

दिनांक १४ मार्च, शुक्रवार. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी परवाना कार्यालयाच्या तिसऱ्या खिडकीतून माझ्या मोठ्या बहिणीचा अर्ज तिला परत करण्यात आला. अर्ज विमानाच्या कापडकामाच्या परवान्यासाठी होता. त्यावर लाल शाईत शेरा होता : ‘अर्जदाराच्या अनुभवाची कोणतीही नोंद आढळत नाही.’ त्या दिवशी बहिणीचे वय चोपन्न वर्षे होते आणि आपल्या संघटनेच्या सभासदांच्या अकरा विमानांच्या पंखांवर तिच्या हातचे टाके होते. ही वस्तुस्थिती मी संघटनेच्या या पत्रिकेत नोंदवून ठेवतो, कारण अन्यत्र ती कोठेही नोंदवलेली नाही.

सभासद तिला अक्का म्हणून ओळखतात. हँगरच्या मागच्या भिंतीला लागून शिलाई यंत्र, त्याच्या डाव्या हाताला इस्त्री, इस्त्रीच्या दांड्याला दोऱ्याने बांधलेला तापमापक, आणि या सगळ्यामागे चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा शोधणारी एक बाई, हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. ज्यांची विमाने पत्र्याची आहेत त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण देणे भाग आहे. आमच्यासारख्यांच्या जुन्या विमानांचे पंख म्हणजे लाकडी बरगड्यांवर ताणलेले कापड असते. ते इस्त्रीने आवळायचे, त्यावर रोगणाचे थर द्यायचे आणि प्रत्येक बरगडीशी मेण लावलेल्या दोऱ्याने बांधून टाकायचे. बांधले नाही, तर उड्डाणात वरच्या बाजूचे कापड बरगडीवरून उचलले जाते. पुढे काय होते, ते सांगायला सहसा कोणी परत येत नाही.

हे काम एकट्याने होत नाही. पंख लाकडी घोडीवर कडेने उभा करतात. एक माणूस अलीकडे बसतो, दुसरा पलीकडे. अलीकडचा वीतभर लांबीची सुई कापडातून पार करतो, पलीकडचा ती बरगडीच्या दुसऱ्या बाजूने परत पाठवतो. मग अलीकडचा गाठ मारतो. एका पंखाला असे शेकडो टाके पडतात. दिवसभर दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही. फक्त सुई येते आणि जाते. पलीकडे बसणाऱ्याच्या नजरेतून एकही टाका सुटत नाही, हे वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे.

अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. गणितात दोनदा नापास झाल्यावर तिसऱ्यांदा परीक्षेला बसायला तिने साफ नकार दिला आणि मोटारींची सीट-कव्हरे शिवणाऱ्या कारखान्यात ती कामाला लागली. मी शिकत राहिलो, भाषेचा प्राध्यापक झालो. अठरा वर्षांपूर्वी मी माझ्याहून वयाने मोठे असलेले एक दोन आसनी विमान विकत घेतले, तेव्हा घरात एकटी तीच हसली. म्हणाली, “नवऱ्याची स्कूटर, भावाचं विमान. दोघांच्याही गाद्या शेवटी माझ्याच गळ्यात पडणार बघ.”

दोन वर्षांनी, वार्षिक तपासणीत, अधिकाऱ्याने माझ्या डाव्या पंखावर अंगठा दाबला आणि अंगठा आरपार गेला. आपल्या हँगरचे परवानेदार, म्हणजे विमानदुरुस्ती करून तिच्यावर सही करण्याचा परवाना असलेले तंत्रज्ञ, शेजारीच उभे होते. (या लेखात मी त्यांचा उल्लेख असाच करीन.) इंजिनाच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी आजही नाकारणार नाही. सिलिंडरचा आवाज ऐकून ते आतला दोष सांगत. परंतु त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेले असत, बारीक गाठ त्यांना मारता येत नसे आणि कापडकाम करणारा त्यांचा जुना सोबती गाव सोडून गेला होता. “माझी बहीण शिवते,” असे मी म्हणालो. ते माझेच शब्द होते.

पहिल्या दिवशी अक्काने उघड्या पंखाच्या सांगाड्याला प्रदक्षिणा घातली आणि विचारले, “काका, हे विमान आहे का पतंग?”

“शिवून झालं की ठरेल,” परवानेदार म्हणाले.

तिचा पहिला पंख वाया गेला. सीट-कव्हराच्या सवयीने तिने टाके जवळजवळ घातले होते. दिसायला इतके देखणे की मी छायाचित्र काढले. परवानेदारांनी ते पाहून डोक्याला हात लावला. जितकी छिद्रे जास्त, तितके कापड दुबळे. सगळे उसवावे लागले. ती दोन दिवस उसवत होती आणि पुटपुटत होती, “नक्षी नको म्हणे. सांगायचं होतं आधी, मेला हा धंदाच अरसिक.” तिसऱ्या दिवशी तिने बरगडीवर पेन्सिलीने ठिपके मारले, प्रोपेलरच्या झोतातला, जेथे टाके जवळ लागतात तो भाग वेगळा आखला आणि त्यानंतर सोळा वर्षे तिच्या एकाही टाक्याविरुद्ध कोणाही तपासनिसाने शेरा मारला नाही. परदेशी माहितीपुस्तक मी वाचून दाखवायचो. ती चित्रांवरून गाठ मारायची आणि बहुधा माझे वाक्य पूर्ण होण्याआधीच तिची गाठ पूर्ण झालेली असायची.

त्या सोळा वर्षांत पंखाच्या पलीकडे कोण बसत असे? स्वतः परवानेदार. सुई परत ढकलण्याइतकी त्यांची बोटे चालत होती.

काम झाले की ते लॉगबुकात लिहीत : ‘कापड बदलले, तपासले, योग्य आढळले.’ ‘काम करणारा’ या रकान्यात स्वतःचे नाव आणि खाली सही. त्या रकान्यात हाताखालच्या माणसाचे नाव लिहिण्याची मुभा नियमात होती. अक्काने कधी विचारले नाही. मीही विचारले नाही. विद्यार्थ्यांच्या निबंधातला चुकीचा स्वल्पविराम मला तीन हातांवरून दिसतो. माझ्याच विमानाच्या वहीतला खोटा रकाना मला सोळा वर्षे दिसला नाही.

गेल्या वर्षी परवानेदारांनी निवृत्तीचे ठरवले. परवाना असलेला माणूस नसेल तर कापडकामाचा विभाग बंद होणार, हे उघड होते. अक्का म्हणाली, “मग मीच काढते परवाना. गणित नाही ना त्यात?” लेखी परीक्षेत थोडे होते. तिने पुन्हा गणित केले, चोपन्नाव्या वर्षी, जेवणाच्या टेबलावर, नवऱ्याकडून पाढे म्हणवून घेत. परीक्षेला बसण्यापूर्वी तीन वर्षांच्या कामाचा दाखला हवा होता आणि तो परवानेदारांनी द्यायचा होता.

“देतो की. तुला नाही तर कोणाला देणार?” ते म्हणाले. हे ऑक्टोबरातले. नोव्हेंबरात म्हणाले, “शिक्का सापडत नाही.” जानेवारीत म्हणाले, “कार्यालयाचं पत्र येऊ दे, थेट त्यांनाच लिहितो.” पत्र आले. त्यांनी लिहिले. एकच वाक्य लिहिले.

१४ मार्चला खिडकीतल्या कारकून बाईंनी ते वाक्य वाचून दाखवले : ‘सदर महिला हँगरमध्ये साफसफाई करीत असत व प्रसंगी कापड धरण्यास मदत करीत असत.’

अक्का म्हणाली, “आणि अर्जात लिहिलेली ही तीन विमानं? तारखा बघा ना. मी शिवलेली आहेत.”

“बाई, ही तिन्ही कामं दुसऱ्या अर्जदाराच्या नावावर लागली आहेत. एक काम दोघांना कसं देणार? हा बघा दाखला. मालकाचीसुद्धा सही आहे.”

दुसरा अर्जदार म्हणजे परवानेदारांचा जावई. ज्या तीन वर्षांत त्याने आमचे पंख शिवल्याचे दाखल्यात लिहिले होते, त्या तीन वर्षांत तो दुसऱ्या शहरात फ्रिज दुरुस्त करत होता. आणि त्यातल्या पहिल्या विमानाच्या मालकाची सही माझी होती.

मी तेथेच, अक्काच्या खांद्यामागे उभा होतो. ती सही माझी नव्हे, असे म्हणण्याची सोय नव्हती. अक्का वळली. “तुझीच आहे. ओळखते मी,” ती म्हणाली. “माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तूच करायचास ना. ‘स’ला असाच फाटा द्यायचास.” एवढे बोलून ती खिडकीपासून बाजूला झाली, कारण मागे रांग होती.

ती सही कशी झाली, हेही नोंदवणे माझे कर्तव्य आहे. मागच्या ऑक्टोबरात माझ्या विमानात नवा रेडिओ बसवला होता. जुन्यातून सतरा वर्षे खरखर ऐकल्यावर टॉवरमधल्या माणसाचा श्वासही ऐकू येत होता आणि मी कॉकपिटमध्ये बसून मुलासारखा बटणे फिरवत होतो. परवानेदारांनी खिडकीतून नऊ कागद आत दिले. “वार्षिक नूतनीकरण, प्राध्यापक. फुल्या मारल्यात तिथे सह्या.” मी नऊ सह्या केल्या. आपलेच दात, आपलेच ओठ.

१४ मार्चच्याच दुपारी आम्ही खिडकीवरून हँगरमध्ये गेलो. माझा उजवा पंख घोडीवर उभा होता, अर्धा शिवलेला. परवानेदार टेबलाशी लिहीत होते.

“काका, खिडकीवरून आले,” अक्का म्हणाली.

“हो का. बस. चहा घेतेस?”

“मी झाडलोट करायचे म्हणे.”

“अगं, कागदाला काहीतरी लिहावं लागतं.”

“काहीतरी? सोळा वर्षं तुम्ही पंखापलीकडे बसलात. एकेक सुई तुमच्या हातून माझ्याकडे परत आली. त्या सुया काय मी केरसुणीने ढकलत होते?”

परवानेदारांनी पेन खाली ठेवले. ते ओरडले नाहीत. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, “माझ्या पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे गं. जावयाला परवाना मिळाला की हँगर घरात राहतं. आणि तुला कोण काढतंय? टाके तुझे, सही त्याची. आजवर तरी काय वेगळं होतं?”

“आजवर सही तुमची होती,” अक्का म्हणाली. “टाका चुकला तर तुम्हाला कळत होतं.”

मी मध्ये बोललो. ‘विश्वासघात’ हा शब्द मी वापरला, आणि योग्य तोच वापरला असे आजही माझे मत आहे. परवानेदारांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. “प्राध्यापक, तुम्ही तर बोलूच नका. मालक म्हणून सही कोणाची आहे?”



पंखाजवळ जावई बसला होता. माणूस वाईट नाही. तोंडात दोऱ्याचे टोक धरून, घाम पुसत तो गाठ मारत होता आणि गाठ दर वेळी सरकत होती. परवानेदार म्हणाले, “अक्का, आता आलीच आहेस तर त्याला जरा दाखव ना.”

मला वाटले, ती तशीच निघून जाईल. ती पंखाजवळ गेली, चष्मा कपाळावरून खाली घेतला, जावयाचे टाके बोटाने एकेक दाबून पाहिले आणि कात्रीने आठही कापले.

“अहो अक्का, दोन तास लागले मला!” जावई म्हणाला.

“दिसतंय. उठा, पलीकडे बसा. हा पंख माझ्या भावाचा आहे. गाढव आहे, पण एवढा एकच आहे.”

तिने ती बरगडी पूर्ण केली. पलीकडून सुई वाकडी आली की म्हणायची, “सरळ, जावईबापू, सरळ. फ्रिजचं दार नाही हे.” पाऊण तास लागला. परवानेदार जवळ उभे राहून पाहत होते. शेवटची गाठ कापल्यावर अक्काने दोरा खाली ठेवला आणि त्यांना म्हणाली, “काका, आजची बरगडी लिहा वहीत. ‘काम करणारा’ या रकान्यात माझं नाव घाला. तेवढं एक लिहा. बाकीच्या सोळा वर्षांचं मी मागत नाही.”

परवानेदारांनी लॉगबुक ओढले. लिहिले. शाई वाळावी म्हणून फुंकर मारली आणि वही आमच्याकडे वळवली. रकान्यात जावयाचे नाव होते.

अक्काने ते दोनदा वाचले. तिने आपली सुयांची डबी उचलली. इस्त्रीचा तापमापक सोडवून घेतला, कारण तो तिच्या घरचा होता. शिलाई यंत्र हँगरचे होते. त्यावर तिने झाकण घातले. त्या दिवसापासून ती तेथे गेलेली नाही. घरी ती उशांचे अभ्रे शिवते, आणि टाके जवळजवळ घालते.

अपिलाची मुदत १३ एप्रिलपर्यंत आहे. अपिलात मालकांची प्रत्यक्षदर्शी निवेदने ग्राह्य धरली जातात. माझे निवेदन मी दिले आहे. त्यात, मी न वाचता सही केली आणि तो दाखला खोटा आहे, असे लिहिले आहे. यामुळे माझ्या विमानाचे प्रमाणपत्र स्थगित झाले असून माझ्यावर चौकशी होईल. ती व्हावी. उरलेल्या दहा मालकांकडे मी स्वतः विचारणा केली. एकाने दारातूनच सांगितले, “विमान उडतंय ना? मग कशाला उकरून काढताय?” दुसरे म्हणाले, “अक्का लाखात एक हो, पण लिहून कसं देणार?” तिसऱ्यांच्या विमानाचे शेपूट अक्काने तापात शिवले होते, कारण त्यांना शर्यतीला जायचे होते. त्यांनी फोन उचलला नाही. आजपावेतो एकही निवेदन आलेले नाही.

त्या दहा जणांच्या हाती ही पत्रिका पडेल, हे मला माहीत आहे. माझी मागणी अशी आहे : आपल्या विमानाचा पंख कोणी शिवला, हे आपण डोळ्यांनी पाहिले असेल तर तेवढेच एका कागदावर लिहा, तारीख घाला, सही करा आणि १३ एप्रिलपूर्वी अपील कार्यालयात स्वतः नेऊन द्या. अक्काने शिवला नाही असे आपले म्हणणे असेल, तर तेही लिहा आणि त्याखालीही सही करा.