डब्यावरचं चौसष्ट

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी किशन मुदखेडच्या आपल्या दुकानात एका मोबाइलची काच बसवत होता. अंगणवाडी सेविका नागाबाईंनी आपला फोन त्याच्यासमोर आपटला.

"वजनाच्या नोंदीचं नवं ॲप ह्याच्यात बसंना. कसला फोन विकला रे?"

किशनने सेटिंग उघडून पाहिली. फोनची सिस्टीम बत्तीस बिटची, म्हणजे जुन्या धाटणीची होती.

"बत्तीसवाल्यांचं काम वरूनच बंद झालंय, मावशी. आता समदे ॲप चौसष्टच मागून राहिलेत."

"दिवाळीत तूच डब्यावर चौसष्ट दाखवलंस."

डब्यावरचा आकडा खरा होता, पण तो फोनमधल्या चिपचा, सिस्टीमचा नव्हे. कंपनीने तिच्यावर बत्तीसचीच सिस्टीम चढवली होती. बारा वर्षं किशन डबा वाचूनच फोन विकतो. सील तोडून तपासलं तर गिऱ्हाईक तो फोन घेत नाही.

"डबाच विकायचा व्हता, तर आत फोन कशाला घातलास? बदलून दे."

"सील तुटलेला माल कंपनी घेत न्हाई."

"मग तुझा दे. उद्या लेकरांची वजनं हायत."

किशनच्या फोनमध्ये ॲप लगेच बसलं. त्याने दोन्ही फोनमधल्या सिमकार्डांची अदलाबदल केली आणि आपला फोन नागाबाईंना दिला.

उद्या सकाळी दहा वाजता अंगणवाडीत एकतीस मुलांची वजनं किशनच्या फोनवर नोंदवली जातील.