तयार ओळ

"राख कुठनं आणू, ते तेवढं सांगा."

शनिवारी सकाळी साडेदहाला ऑफिसात पाऊल ठेवलं आणि टेबलावरचा फोन उचलला, तर पलीकडचा माणूस हेच विचारत होता. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला समजावता येतं, तीस वर्षांत तेवढं जमायला लागलं आहे.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"चौगुले. जत तालुक्यातनं. आमच्या अप्पांची बातमी काल छापली तुमी. रक्षाविसर्जन शनिवारी सकाळी नऊ वाजता. आवं, आमी लिंगायत. आमच्यात मातीत ठेवत्यात. अप्पांना बेस्तरवारीच ठेवलंय मातीत. आता रक्षा कुठली विसर्जन करू?"

मी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. आलेली बातमी तपासायची, कापायची, पानात बसवायची, हे माझं काम. जिल्ह्याच्या दैनिकात सगळ्यात जास्त वाचलं जातं ते निधनवार्तांचं सदर. अग्रलेख चुकला तर कोणी फोन करत नाही. निधनवार्तेत एका सुनेचं नाव राहिलं तर अख्खी भावकी दारात येते. आमच्या भागात या वार्तेची शेवटची ओळ ठरलेली असते. हिंदू असेल तर रक्षाविसर्जन कधी, मुसलमान असेल तर जियारत कधी. म्हणजे तिसऱ्या दिवशी लोकांनी कुठे आणि किती वाजता यायचं, ते लोक पेपरात बघून ठरवतात. ही ओळ आम्ही कॉम्प्युटरवर तयारच ठेवलेली असते. वार आणि वेळ बदलायची, चिकटवायची.

वारलेले अप्पा चौगुले म्हणजे गावचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं कुठे कुठे पसरलेली. बातमी वाचून तीस-चाळीस जण नऊच्या आत गावच्या स्मशानभूमीत पोचले. एक जण रात्रीच्या एसटीने साताऱ्याहून आला होता. घरचं कोणीच दिसेना. लिंगायतांची रुद्रभूमी, म्हणजे दफनाची जागा, गावाच्या दुसऱ्या टोकाला. हे बाहेरच्यांना कुठून कळणार?

"तितं दुसऱ्याच कुणाची तरी राख हुती," मुलगा म्हणाला. "दोघा-तिघांनी तिलाच हार घातला. मला आत्ता येऊन सांगाय लागल्यात. मी त्यांना काय बोलू?"

चौकशी करतो म्हणालो आणि फोन ठेवला.

चौकशी करायची गरज नव्हती. ती ओळ मीच घातली होती.

आमच्याकडे तेव्हा भाग्यश्री नावाची इंटर्न होती. साताऱ्याच्या कॉलेजात पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला. हल्ली पदवीसाठी नुसते पेपर देऊन भागत नाही, क्रेडिट जमवावे लागतात. प्रत्येक विषयाचे काही ठरलेले. त्यातले चार क्रेडिट प्रत्यक्ष वृत्तपत्रात ठरावीक तास काम केल्यावर मिळतात. कॉलेज एक लॉगबुक देतं. मुलांनी रोज काय केलं ते त्यात लिहायचं, खाली मेंटरने सही करायची. मेंटर म्हणजे मी. चार क्रेडिट नाहीत तर पदवी नाही, इतका साधा हिशेब.

भाग्यश्री जत तालुक्यातली, चौगुल्यांच्या शेजारच्याच गावची. घरी कानडी, बाहेर मराठी. मराठी थोडं जपून बोलायची, पण लिहायची नीटस. चौगुल्यांच्या मुलाने बातमी तिलाच फोनवर दिली होती. आपल्या भागातली मुलगी पेपरात आहे, याचं त्या गावांना कौतुक होतं. तिच्या वडिलांनी ते पसरवलंही होतं.

गुरुवारी संध्याकाळी डाक आवृत्तीचं पान सोडायचं होतं. डाक म्हणजे लांबच्या तालुक्यांत जाणारी आवृत्ती, ती लवकर छापायला जाते. पानाला दहा मिनिटं उरली होती. चौगुल्यांची वार्ता उघडली. नाव, वय, परिवार, सगळं नीट. शेवटची ओळ नाही. मी मनात म्हटलं, या पोरी, इतके दिवस शिकवतोय तरी विसरतात. फोन करून वेळ विचारायला हवी होती. केली नाही. तिसरा दिवस शनिवार, वेळ बहुतेक नऊच असते. तयार ओळ चिकटवली आणि पान सोडलं. घरी जाताना एक चूक पकडल्याचं समाधानही होतं.

फोन ठेवल्यावर तासाभरात साहेबांनी, म्हणजे आवृत्तीप्रमुखांनी, केबिनमध्ये बोलावलं. मुलाने त्यांनाही फोन केला होता.

"माने, ही वार्ता कोणी केली?"

"भाग्यश्रीने."

प्रश्न 'कोणी केली' असा होता. त्याचं हे उत्तर बरोबर होतं. मी एवढ्यावर थांबलो.

"इंटर्न ना? मग सोपं आहे. उद्या दिलगिरी छापा, प्रशिक्षणार्थीच्या अनवधानाने झालं म्हणून. आणि तिला आजपासून थांबवा. घरच्यांना सांगता येईल, कारवाई केली म्हणून."

त्या वर्षात माझ्या नावावर आधीच दोन चुका लागल्या होत्या. डेस्कवरची माणसं कमी करायची, असं वरून आलेलं होतं आणि माझं वय चोपन्न. हे सगळं त्या एका क्षणात डोक्यात फिरून गेलं. मी 'बरं' म्हणालो. मला भीती वाटली. त्याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

दिलगिरीचा मजकूर मीच लिहिला. चार ओळींचा. त्यात एकही चूक नव्हती.

भाग्यश्री दुपारी आली. निरोप दिल्यावर तिने बॅग खांद्यावरून काढलीच नाही.

"सर, मी लिहून दिलेल्या कॉपीत ती ओळ नव्हती."

"बघतो मी."

"मी मुद्दाम दिली नव्हती सर. आमच्यात नसतं ते."

"अगं, बघतो म्हटलं ना."

आमच्या ऑफिसात 'बघतो' म्हणजे नाही. इतक्या दिवसांत तिलाही ते कळलं असावं. मग म्हणाली, "बाबांचा फोन आला होता. लोक त्यांना विचारतायत, आपल्यातलीच पोरगी असून तिला एवढं कळू नये?" रडली नाही. लॉगबुक बॅगेत आहे का ते तिने चाचपून पाहिलं आणि गेली.

मला वाटलं, मिटलं. पंधरा दिवसांनी तिच्या कॉलेजच्या मॅडम साताऱ्याहून आल्या. इंटर्नशिपचं सगळं त्या बघायच्या. पन्नाशीच्या, हातात कापडी पिशवी. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मॅडमनी पिशवीतून लॉगबुक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि माझ्यासमोर सरकवलं.

"ही सही तुमची?"

"हो."

"वर काय लिहिलंय, वाचा."

गुरुवारचं पान होतं. भाग्यश्रीचं नीटस अक्षर. 'आज तीन निधनवार्ता लिहिल्या. चौगुले यांच्या वार्तेत रक्षाविसर्जनाची ओळ दिली नाही. कुटुंब लिंगायत आहे, दफन झाले आहे. सरांना सांगितले.' खाली माझी सही. ऐटबाज, शेपटी ओढलेली.

तेव्हा आठवलं. गुरुवारी ती टेबलाशी आली होती. मी मिरजेच्या वार्ताहराशी फोनवर बोलत होतो. ती काहीतरी म्हणाली, मी 'हं' म्हणालो. तिने वही पुढे केली, मी सही ठोकली. फोन चालूच होता.

"माने सर, मी भांडायला आले नाही," मॅडम म्हणाल्या. "माझा एकच प्रश्न आहे. ही सही तुम्ही वाचून केली, की न वाचता?"

मी वही जवळ ओढली.

"कशासाठी विचारते, ते सांगते. वाचून केली असेल तर मुलीने तुम्हाला सांगितलं होतं, चूक तिची नाही, हे आपोआप सिद्ध होतं. राहिलेले तास मी कॉलेजच्या वार्तापत्रात भरून घेईन, क्रेडिट मिळतील. न वाचता केली असेल, तर मग या वहीतल्या कुठल्याच सहीला अर्थ नाही. मला सगळीच पानं बाद धरावी लागतील. नियम आहे."

साहेब माझ्याकडे बघत होते. वाचून केली म्हणालो असतो, तर लिंगायत कुटुंब आहे हे ठाऊक असून मी ओळ घातली, आणि वर मुलीवर ढकललं, असं झालं असतं. नोकरी गेलीच असती असं नाही. पण गेली असती, असं मी तेव्हा धरून चाललो.

"न वाचता," मी म्हणालो. "घाई होती."

आणि ते खरं होतं. हीच सगळ्यात वाईट गोष्ट. मी खरं बोललो आणि त्या खऱ्याने तिची सगळी पानं पुसली. एकदा खोटं बोललो असतो, तर तिला तिचं वर्ष मिळालं असतं. किंवा पुढचं वाक्य बोललो असतो, ओळ मी घातली म्हणून, तर निदान तिच्यावरचा ठपका गेला असता. ते तर खरंही होतं. ओठांपर्यंत आलं होतं, असंसुद्धा मी म्हणणार नाही. आलं नव्हतं.

मॅडमनी वही मिटली. "बाकीच्या सह्यासुद्धा अशाच?"

"बहुतेक."

"बरं." त्यांनी वही पिशवीत घातली. चहा आला होता, तो न घेता गेल्या. साहेब म्हणाले, "सुटलो." मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही.

भाग्यश्रीला त्या वर्षी पदवी मिळाली नाही. पुढच्या वर्षी तिने पुन्हा इंटर्नशिप केली का, मला माहीत नाही. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. विचारता आलं असतं. चौगुल्यांच्या गावात मात्र अजूनही ती चूक तिच्याच नावावर आहे, हे आमचा तिथला वार्ताहर परवा सहज बोलून गेला. मी विषय बदलला.

तयार ओळ मी कॉम्प्युटरवरून काढून टाकली. आता निधनवार्ता आली की घरी फोन लावतो आणि विचारतो, दहन की दफन? लोकांना विचित्र वाटतं. आणि लॉगबुकचं प्रत्येक पान पहिल्या शब्दापासून वाचतो, मगच सही करतो. यंदा त्याच कॉलेजची दोन मुलं आली आहेत. सर फार काटेकोर आहेत, असं त्यांनी कॉलेजात जाऊन सांगितलं म्हणे. मॅडमनी ऐकून घेतलं आणि काही बोलल्या नाहीत, असंही कळलं.