दादाचे सोळा व्हॉल्व्ह

जुन्या अमेरिकन गाड्या दुरुस्त करायच्या तर एक तर माणूस स्वतः वेडा लागतो, नाहीतर त्याचा थोरला भाऊ वेडा लागतो. धाकटा स्वतःला दुसऱ्या प्रकारात धरायचा. साठी उंबरठ्यावर आली, डोक्याचं चांदणं झालं, तरी अख्ख्या गल्लीत त्याचं नाव धाकटाच. आणि गेली चौतीस वर्षं तो चहाच्या पहिल्या घोटाबरोबर एकच रडगाणं गायचा. मला आपलं स्कूटरचं सुटसुटीत दुकान टाकायचं होतं, पण दादानं ही लोढणी गळ्यात बांधली.

लोढणीच म्हणायची, दुसरं काय. गाडी इतकी लांब की तोंड शेडमध्ये घेतलं की शेपूट रस्त्यावर, आणि येणारा-जाणारा प्रत्येक सायकलवाला त्यावरून धाकट्याच्या नावानं खडे फोडणार. सगळ्या जगाचे पाने मिलिमीटरचे, हिचे इंचाचे. सगळ्या जगाची बॅटरी बारा व्होल्टची, हिची सहाची. एखादा रबरी वायसर मिळवायचा तर तीन भंगारवाले, दोन मेलेल्या मेकॅनिकांच्या बायका आणि एक टपाल खातं इतक्यांचे पाय धरायचे. वर मालक येऊन विचारणार, एवढंसं तर काम, इतके दिवस कसे लागतात.

दादाला याचं काही नाही. मामाच्या वर्कशॉपमध्ये दोघं भाऊ मिसरूड फुटायच्या आधी लागले, तेव्हा मामाकडे या गाड्या टॅक्सी म्हणून पळून पळून थकलेल्या यायच्या. दादा त्यांच्या प्रेमात पडला तो कायमचा. धाकट्याला कुणी विचारलंच नाही.

मामा गेला, वर्कशॉप दोघांचं झालं, आणि मामाचा एक नियम तेवढा वारशात आला. ज्यानं खोललं त्यानंच जोडायचं, दुसऱ्यानं बोट लावायचं नाही. या नियमामागे एक कार्बुरेटर होता. दोघांनी मिळून तो खोलला, स्प्रिंग दुसऱ्यानं बसवली असेल असं दोघांनाही वाटलं, आणि गाडी भर चौकात बंद पडल्यावर दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले. चौतीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी मामानं दोघांची टेबलं दोन भिंतींना लावून टाकली. तेव्हापासून दोघं पाठीला पाठ लावून काम करत आले. दादा काय करतोय ते धाकट्याला आवाजावरून कळायचं, पण मान वळवून बघायची पद्धत नव्हती.

दादा सुट्या भागांवर खुणा करत नसे, हे मात्र धाकट्याच्या डोक्यात जायचं. धाकटा स्वतः प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधणारा, डब्यांवर आकडे घालणारा. दादा त्याला हसायचा. म्हणायचा, आईला ओळखायला तिच्या पदराला चिठ्ठी लावतोस का रे? दादा भाग नुसते ओळीनं मांडून ठेवायचा, आणि त्याच ओळीनं परत बसवायचा. चौतीस वर्षांत एकही चुकला नाही. म्हणूनच तर राग यायचा.

आणि मग हेडबाईंची गाडी आली. हेडबाई शाळेतून रिटायर होऊन बारा वर्षं झाली होती, पण समोरचा माणूस पाचवीतला आहे असं धरूनच बोलायच्या. गाडी त्यांच्या वडिलांची, एका ओळीत आठ सिलेंडरांचं इंजिन. दादानं ते खोललं. प्रत्येक सिलेंडरला दोन, असे सोळा व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या तोंडावरची उघडणारी-मिटणारी झाकणं. या इंजिनात त्यांचं माप स्क्रू फिरवून जमवायची सोय नाही. प्रत्येक व्हॉल्व्हची दांडी त्याच्या त्याच्या जागेसाठी केसभर केसभर घासून जमवायची, आणि एकदा घासलेलं लोखंड काही परत येत नाही. दादानं तीन आठवडे घालवून सोळाही घासले, भोकं पाडलेल्या फळीत ओळीनं उभे केले आणि उद्या बसवतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता तो न्हाणीघरात कोसळला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

जीव वाचला हे खूप झालं. डॉक्टर म्हणाले, बोलायचा प्रयत्न करत राहिले तर वाचा येईल, फक्त धीर सुटता कामा नये आणि कामाचा विषय काढू नका. दादा सुरुवातीला हट्टानं सराव करायचा. दोन-चार शब्द यायलाही लागले होते.

गाडीचं काय करायचं? खोलणारा अंथरुणात, मग जोडणार कोण? धाकट्यानं मामाच्या फोटोकडे बघून हात जोडले आणि जन्मात पहिल्यांदा दादाच्या टेबलाला हात लावला. फळीवर डावीकडून पहिला व्हॉल्व्ह उचलला, रेडिएटरकडच्या पहिल्या सिलेंडरला बसवला, मग दुसरा, मग तिसरा. दादाचं काम म्हणून माप तपासलंसुद्धा नाही. स्टार्टर मारला तर इंजिन दमेकऱ्यासारखं खोकलं आणि बसलं.

परत खोललं. या वेळी फट मोजायची पातळ पट्टी घालून सगळी मापं घेतली. काही व्हॉल्व्ह मिटतच नव्हते आणि काहींच्या खाली इतकी फट की खडखडाट व्हावा. सोळाही व्हॉल्व्ह आपापल्या भोकात विनातक्रार शिरत होते, मापं तेवढी चुकली होती. याचा अर्थ एकच, दादाचा हात गेला होता. आजार यायच्या आधीच गेला होता, आणि धाकट्याला पत्ताच नव्हता.

तेवढ्यात हेडबाई आल्या, आणि वैतागाच्या भरात धाकटा बोलून गेला की दादाचा हात शेवटी शेवटी चुकायला लागला होता बहुतेक. हेडबाई मनाच्या वाईट नव्हत्या. त्या सफरचंदं घेऊन दादाला भेटायला गेल्या आणि त्याची समजूत घालून आल्या, की वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या भावानं सांगितलं मला, वयाप्रमाणे हात चुकायचाच. त्या दिवसापासून दादानं तोंड मिटलं. सराव बंद, भिंतीकडे तोंड, जेवण चार घासांवर. इकडे हेडबाईंनी निरोप धाडला की शनिवारी गाडी ओढून नेणार, पलीकडे एकजण जुनं इंजिन काढून त्यात डिझेलचं बसवून देतो.

आता धाकट्यापुढे एकच वाट होती. सोळाही दांड्या आपल्या हातानं नव्यानं घासायच्या, आणि ज्या आखूड झाल्यात त्यांना तळाशी कसंतरी ठिगळ लावायचं. गाडी कशीबशी चालली असती. दादाचं काम मात्र कायमचं पुसलं गेलं असतं, आणि दादा चुकला होता यावर शिक्का बसला असता. शुक्रवारी सकाळी घासायला घ्यायचं त्यानं ठरवलं.

गुरुवारी दुपारी वहिनींचा फोन आला, लगेच या म्हणून. वहिनी घरी शिवणकाम करायच्या, आणि जन्मात कधी आवाज चढवायच्या नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही.

"भावजी, तुम्ही बोललात ते यांच्या जिवाला लागलंय," एवढंच म्हणाल्या. "माणूस आजारानं जात नसेल, तर असा जाईल."

धाकटा समोरच्या खुर्चीत चोरासारखा बसून राहिला. सांगणार काय? माप तर खोटं बोलत नव्हतं. दादा त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हता. वहिनींनी दादाच्या पुढ्यात एक ताट सरकवलं, त्यात बटणांचा ढीग. व्यायाम नको तर नको, निदान मला लहान-मोठी बटणं ओळीनं लावून द्या, सगळ्यांत लहान पहिलं, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. दादानं नाइलाजानं डावा हात उचलला. तो हात शाबूत होता. तसाही दादा जन्माचा डावखुरा. त्यानं सगळ्यांत लहान बटण उचललं आणि ताटाच्या उजव्या कडेला ठेवलं. त्याच्या डावीकडे दुसरं, त्याच्या डावीकडे तिसरं.

"यांचं सगळं असंच उलटं," वहिनी सुईत दोरा ओवता ओवता कुरकुरल्या. "लग्नापासून बघतेय, उजवीकडून सुरू करतात."

धाकट्यानं ताटातली ओळ उजवीकडून डावीकडे मोजली. दादा डावखुरा आहे हे त्याला काय माहीत नव्हतं? पान्याची मूठ डाव्या हातात, हातोडी डाव्या हातात, हे सगळ्या गल्लीला माहीत. पण तो ओळ कुठून लावतो हे बघायला मान वळवावी लागली असती, आणि चौतीस वर्षं ती वळवली नव्हती. म्हणजे फळीवरची ओळही उजवीकडूनच होती, आणि यानं पहिल्याचा व्हॉल्व्ह आठव्याला लावला, आठव्याचा पहिल्याला. मेलं इंजिनही नेमकं असं, की दोन्ही टोकांकडून जागा सारख्याच, उलटं लावलं तरी सगळं गुमान बसतं. स्वतःच्या अकलेचं दिवाळं निघालेलं त्याला दिसत होतं, आणि त्यानं नाव घेतलं होतं दादाचं.

तो उठून तडक वर्कशॉपकडे निघाला. सांगायचं तर गाडी चालवून दाखवून सांगायचं, नुसत्या शब्दांवर आता दादा विश्वास ठेवणार नाही, एवढं त्याला कळत होतं. शुक्रवारच्या अख्ख्या दिवसात त्यानं इंजिन उघडलं, सोळाही व्हॉल्व्ह काढले आणि उलट्या क्रमानं बसवले. प्रत्येक जागी पट्टी घातली. ती प्रत्येक जागी जेवढी अडायला हवी तेवढीच अडली, ना कमी ना जास्त. सातव्या सिलेंडरपर्यंत येता येता त्याला पट्टीवरचा आकडा दिसेना, डोळे पुसून परत बघावं लागलं. चिडावं कुणावर हेही कळत नव्हतं. एक चिठ्ठी बांधली असती या माणसानं, एक आकडा लिहिला असता, तर काय बिघडलं असतं?

शनिवारी हेडबाई ओढायची गाडी आणि साखळी घेऊन हजर झाल्या. साखळी लावायच्या आधी धाकट्यानं स्टार्टर मारला. इंजिन दुसऱ्या फेऱ्यालाच धरलं आणि इतकं मऊ चालू लागलं, की साखळीवाल्यानं वाकून ते खरंच चालू आहे का ते बघितलं. हेडबाईंनी बोलायला तोंड उघडलं. धाकट्यानं त्यांना मागचं दार उघडून दिलं आणि बसा म्हणाला. म्हणाला, चूक माझी होती, दादाची नव्हती, आणि तुम्ही जे त्यांना सांगून आलात ते आता माझ्यासमोर फिरवायचंय. हेडबाई आयुष्यात पहिल्यांदा पाचवीतल्या मुलीसारख्या गुपचूप बसल्या.

गाडी दादाच्या दारात उभी राहिली. वहिनींनी दादाची चाकाची खुर्ची खिडकीशी आणली. धाकट्यानं इंजिन चालूच ठेवलं, वर गेला आणि दादाच्या पुढ्यात जमिनीवर बसला. सगळं सांगितलं, फळी, डावी बाजू, पट्टी, ठिगळ लावायला निघालो होतो तेही. तुझी सोळाच्या सोळा मापं बरोबर होती दादा, मी उलटी लावली, असं दोनदा सांगितलं. हेडबाईंनी दारातूनच, मी बोलले ते मागे घेते, असं म्हणून मान हलवली.

दादा बराच वेळ खालच्या इंजिनाकडे कान देऊन होता. मग त्यानं डावा हात धाकट्याच्या खांद्यावर ठेवला, तोंड वेडंवाकडं करत एकेक अक्षर गोळा केलं. वहिनी मदतीला पुढे झाल्या तर त्यांना त्यानं थांबवलं.

"मला... विचारायचं... होतंस."

डॉक्टरांनी कामाचा विषय काढू नका म्हटलं होतं खरं. तरी धाकटा विचारू शकला असता. दोन महिन्यांत कधीही, नुसतं बोट दाखवून विचारलं असतं, कुठून रे दादा, आणि दादानं डावा हात उचलून दाखवलं असतं. आजाराच्या आधीही, चौतीस वर्षांत कधीही विचारता आलं असतं. आजारानंतर दादाला जमलेलं हे पहिलं अख्खं वाक्य होतं, आणि ते खरं होतं.