घरगुती वापरासाठी

“हिनंच टाकलंय साहेब. हिच्या वस्तीतल्या लोकायला फुकटाची सवय हाय. खुर्ची दिली की डोक्यावर बसतेत.”

मालकांनी माझ्याकडं बोट केलं. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. दुष्काळाचं साल. टँकरचा अर्ज टाइप करायला आलेली खेड्यातली माणसं, उदगीर जिल्हा करा म्हणून निवेदन घेऊन आलेले पुढारी. सगळ्यांनी माना वळवून मला बघितलं.

उदगीरच्या त्या टायपिंगच्या दुकानात मी कामाला होते. गाव देवणीकडं. सकाळी कॉलेज, दुपारपासून दुकान. त्या दिवशी मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा माणूस अचानक तपासणीला आला. सहाही कॉम्प्युटर उघडून बघितले. सगळ्यांवर एकच परवाना. विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळणारा, घरगुती वापराचा. त्यावर धंदा करायचा नाही, अशी स्पष्ट अट. आणि परवान्यावर नाव माझं.

मालकांनीच एकदा म्हटलं होतं, “तुझं कॉलेजचं ओळखपत्र आन. तुझ्या नावानं घेऊ, स्वस्त पडतंय.” मी आणलं. खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला होता. कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर माझं पूर्ण नाव यायचं. आमच्या वस्तीतल्या कुणाचं नाव असं उमटलेलं मी पाहिलं नव्हतं. रोज क्षणभर बघत बसायचे. ते नाव कशासाठी घेतलं होतं, ते आता कळलं.

मी रमेशभाऊंकडं बघितलं. शेजारच्या कॉम्प्युटरवरचे जुने ऑपरेटर. मला टायपिंग त्यांनीच शिकवलेलं. मालकांच्या सांगण्यावरून सहाही ठिकाणी सॉफ्टवेअर त्यांनीच टाकलेलं. त्यांनी मान खाली घातली. घरी लेकरं होती, कळतं मला. पण भरल्या दुकानात मी एकटी पडले.

“बस. माफीनामा टाइप कर,” मालक म्हणाले. “मालकाला न इचारता केलं, असं लिही.”

मी बसले. ‘मी, खाली सही करणारी’ लिहिलं. पुढं माझं नाव लिहिलं. बोटं थांबली. माझ्यावरचा आळ मीच टाइप करायचा?

मग झालं तेच लिहिलं. ओळखपत्र कुणी मागितलं, कुणाच्या धंद्याला वापरलं. रमेशभाऊंचं नाव घातलं नाही. दोन प्रती काढल्या, सह्या केल्या. एक कंपनीच्या माणसाला दिली, एक मालकांपुढं ठेवली.

“हे काय लिवलीस?”

“झालं ते लिवलंय, मालक.”

“उद्यापासून येऊ नगंस.”

“न्हाई येत.”

कंपनीच्या माणसानं कागद न वाचताच बॅगेत घातला. मी बाहेर पडले. भाड्याच्या खोलीवर आले, दार लावलं आणि तशीच बसून राहिले. सांगायला कुणी नव्हतं.

पुढं कंपनीनं मालकांशी मिटवून घेतलं. दुकान चालूच आहे. मी तीन दुकानांत काम मागितलं, तिन्हीकडं निरोप आधीच पोचला होता. गावी गेले तर आई म्हणाली, “गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं गं?”

चौथ्या दुकानात मी आत जाताच सांगितलं, “त्या दुकानातली ती मीच. काम चोख करते. पण माझं नाव कशावर घालायचं असंल तर आधी मला वाचायला द्यायचं.”

त्यांनीही नको म्हटलं.

उद्या पाचव्या दुकानात जाणार आहे. हेच सांगणार. यातला एक शब्द कमी करणार नाही.