आबांच्या हाताचा गुण

न्हावऱ्यात माझं मोटर वायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचं, दुकान नवं होतं. गिऱ्हाइकांनी माझ्यावर जे थोर उपकार केले, त्यांतला हा पहिला.

सोसायटीचे संचालक असलेले एक आबा बोअरमधली मोटर घेऊन आले. फ्यूज सारखा उडत होता. मी मेगर काढला. डब्याएवढं यंत्र, बाजूला हँडल. ते फिरवलं की आत पाचशे व्होल्ट तयार होतात आणि वायंडिंगमधला करंट बॉडीत गळतोय का ते काटा सांगतो. काटा शून्यावर पडला.

"आबा, इन्सुलेशन गेलंय. वायंडिंग नवं करावं लागंल."

"आमचा भाचा कारेगावला कंपनीत हाय. त्यानं डिजिटल मीटर लावून बघितली. ओके म्हणला."

"त्याच्या मीटरात नऊ व्होल्टची बॅटरी. मोटरीला चारशे सोसायचेत. नऊ व्होल्टनं विचारल्यावर कुठलीही वायर सभ्यच बोलती."

"आन् तुझ्यात तर बॅटरीबी न्हाई! कुल्फीचं मशीन हाय व्हय हे?"

हा मेगर मी पुण्यातल्या दुकानदाराला भावात रडवून मिळवला होता. माझं डोकं फिरलं. "धरा हे दोन चिमटे," म्हणालो आणि हँडल फिरवलं. आबा बाकावरून उठले ते थेट रस्त्यावर. मागोमाग मोटरही गेली.

भाच्याच्या शब्दावर आबांनी ती तशीच बोअरमध्ये सोडली. स्टार्टर दाबताच जळाली.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आबा सगळ्यांना हात दाखवत बसलेले. "मला एवढा झटका बसला, मंग मोटरीचं काय झालं आसंल? यानंच जाळली." भाच्याचा मीटर निर्दोष सुटला. मोटर कुठं न्यायची हे निम्मं गाव आबांना विचारून ठरवायचं. त्या आठवड्यात माझ्याकडे एकही मोटर आली नाही. अजून एक आठवडा असाच गेला असता तर दुकानाला कुलूपच.

मी हॉटेलात जाऊन आधी भांडलो, मग सौदा केला. जळालेली मोटर मी नव्यानं भरून द्यायची. तार आबांची, मजुरी माफ. अट एकच: मोटर बोअरमध्ये सोडण्याआधी इथंच हॉटेलात, सगळ्यांसमोर, हँडल आबांनी फिरवायचं. मोटर भरून झाली तशी मी ती मेगरसकट हॉटेलात आणली.

"मला न्हाई ना बसणार?"

"चिमटे मोटरीला लावलेत आबा, तुम्हाला न्हाई."

आबांनी हात धोतराला पुसून हँडल फिरवलं. काटा जो सरकला तो पार दुसऱ्या टोकाला, चांगल्या मोटरीचा सरकतो तसा. मी सगळ्यांकडे विजयी नजरेनं पाहिलं. सगळे आबांकडे पाहत होते.

मोटर उत्तम चालली. आबा गावभर सांगत सुटले, "त्यानं फिरवलं तवा जळाली. मी फिरवलं आन् सुधारली."

गिऱ्हाइकं परत आली, नाही असं नाही. प्रत्येक जण मोटर उतरवून आधी विचारायचा, "मिस्त्री, आबा हायेत का? हँडल त्यांनाच फिरवू द्या."

मग आबांना बोलावणं धाडायचं. आबा यायचे, बाकावर ऐसपैस बसायचे आणि चहा झाल्याशिवाय हँडलला हात लावायचे नाहीत. चहा अर्थातच माझ्याकडून.